‘पत्ती चांगली घ्या, विषय संपला’ : एका जुन्या वाइंडरला उत्तर

वाइंडरकाका, नमस्कार.

तुम्ही नाव दिलेलं नाही, ‘एक जुना वाइंडर’ (ट्रान्सफॉर्मरची तांब्याची वेटोळी, म्हणजे वाइंडिंग, भरणारा) एवढीच सही आहे, म्हणून मीच तुम्हाला काका करून टाकलं. चालवून घ्या. तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा एका ठिकाणी अडकले, आणि त्या ठिकाणी मीच चुकले होते हे कबूल करायला चार दिवस गेले. म्हणून उत्तराला उशीर.

बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की ट्रान्सफॉर्मरच्या कोरचा (पातळ पोलादी पत्त्या रचून केलेल्या गाभ्याचा) नो-लोड लॉस, म्हणजे भार नसतानाही वाया जाणारी वीज, वाढतो तो मुख्यतः कापताना पत्त्यांच्या कडेला राहणाऱ्या बरमुळे (धातूच्या उभ्या कंगोऱ्यामुळे), आणि बर राहते ती कापणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे. त्यावर काकांनी लिहिलं: ‘ताई, तीस वर्षं रिपेअरिंगला काढली. ट्रान्सफॉर्मर मरतो तो तांब्यामुळे. कोरचं कौतुक तुम्हा टेस्टिंगवाल्यांना. पत्ती चांगली घ्या, विषय संपला. आणि बर राहते ती मालक ब्लेडच्या धारेला पैसे देत नाही म्हणून. कामगाराला कशाला बोलता? कोरचं एवढंच दुखणं असेल तर सगळे ॲमॉर्फस का नाही वापरत?’ (ॲमॉर्फस म्हणजे काचेसारख्या रचनेच्या धातूची अतिपातळ पट्टी, कोरसाठी पत्तीऐवजी वापरतात ती.)

ब्लेडपासून सुरू करते, कारण तिथे तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. बर वीस मायक्रॉनच्या आत ठेवायची असं आम्ही धरून चालतो. ती मोजायला फार काही लागत नाही. मायक्रोमीटरने पत्तीची जाडी कडेवर घ्यायची, मग जरा आत सरकून घ्यायची, जो फरक येईल ती बर. पण सीटीएलवर (पत्त्या मापात कापणाऱ्या मशीनवर) उभा असलेला माणूस मायक्रोमीटरच्या आधी अंगठ्याचं नख कडेवरून फिरवतो आणि सांगतो, ‘ब्लेड गेलं.’ त्याला आमच्याआधी कळलेलं असतं. तो सांगतो, सुपरवायझर ‘ही ऑर्डर निघू दे’ म्हणतो, आणि पुढच्या दोन टन पत्त्या त्याच ब्लेडवर निघतात. त्याला मी निष्काळजी म्हटलं. शब्द मागे घेते.

माझी दुसरी चूक तुम्ही पकडली नाहीत, पण लपवण्यात अर्थ नाही. बर म्हणजे लगेच लॉस, असं नसतं. शिडी डोळ्यांपुढे आणा. पत्त्या म्हणजे शिडीच्या पायऱ्या. एका बाजूच्या बरने पत्तीवरचा इन्सुलेशनचा लेप फोडून शेजारच्या पत्त्या एकमेकींना जोडल्या, तर शिडीचा एकच दांडा तयार झाला. त्यातून करंटला गोल फिरायला वाट मिळत नाही. वाट मिळते ती दुसऱ्या कडेलाही दांडा जुळला की, किंवा कोरमधून आरपार गेलेल्या बोल्टचं इन्सुलेशन गेलं की. मग मात्र पत्त्या वेगळ्या ठेवण्याचा सगळा खटाटोप तेवढ्या भागात पाण्यात. म्हणून बर वाईटच, पण तिला मी जे सिंहासन दिलं होतं ते तिचं नव्हे.

हे मला कसं कळलं तेही सांगते. पूर्वी ज्या ठिकाणी होते तिथे १०० केव्हीए क्षमतेच्या ट्रान्सफॉर्मरचा एक लॉट नो-लोड लॉसमध्ये एकामागून एक फेल जात होता. मी बरच्या मागे लागले. ब्लेड बदलून घेतलं, नव्या पत्त्या कापून घेतल्या, बर निम्म्यावर आली. लॉस जेमतेम हलला. शेवटी एका दुपारी टेस्ट बेंच सोडून असेंब्लीत जाऊन उभी राहिले. कॉइल लिंबांवर चढवून झाल्या होत्या (लिंब म्हणजे दारातला नव्हे, कोरचा उभा पाय) आणि वरचं योक (पायांना जोडणारा आडवा भाग) भरणं चालू होतं. पत्त्या तीन-तीनच्या जोडीने जात होत्या. नीट बसली नाही की वरून लोखंडी हातोडी. तिरक्या सांध्यात कुठे नख जाईल एवढी फट, कुठे पत्ती पत्तीवर चढलेली. ऑर्डर घाईची होती आणि कामावर माणसं दोनच. एक नग उलगडून त्याच पत्त्यांनी पुन्हा भरला, दोन-दोनच्या जोडीने, नायलॉनच्या हातोडीने, सांधे टॉर्च मारून बघत. तो नग पास झाला. पत्ती तीच, बरही तीच.

आता तुमच्या मुख्य वाक्याकडे येते, पत्ती चांगली घ्या, विषय संपला. काका, विषय तिथे सुरू होतो.

पत्तीबरोबर जे सर्टिफिकेट येतं त्यावर १.७ टेस्लाला (टेस्ला म्हणजे पत्तीत चुंबकीय प्रवाह किती दाट आहे त्याचं माप) एक किलोमागे किती वॅट ते लिहिलेलं असतं. तो आकडा खोटा नसतो, पण तो कोरचा नसतो. साध्या सीआरजीओचा (कोरसाठी कण एका दिशेत लावून लाटलेल्या पोलादी पत्तीचा) तो आकडा काढताना तीस मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापतात, त्या भट्टीत तापवून कापण्याचा ताण काढून टाकतात, आणि मग एपस्टाइनच्या चौकोनी फ्रेममध्ये अलगद रचून मोजतात. तिथे हातोडी नसते, क्लॅम्पचा दाब नसतो, तीन फेजचा मधला सांधा नसतो. पत्तीचा लाडाकोडातला आकडा तो. तिच्याच कोरमध्ये किलोमागे प्रत्यक्ष जो लॉस येतो, त्याला त्या आकड्याने भागलं की बिल्डिंग फॅक्टर निघतो. तीन लिंबांच्या रचलेल्या कोरला तो साधारण १.१ ते १.३ च्या दरम्यान पडतो. वरचा ०.१ किंवा ०.३ पत्तीच्या कारखान्यातून येत नाही, तो आपण घालतो. कोर २०० किलोचा आणि पत्ती किलोला एक वॅटची धरा. फॅक्टर १.२५ असेल तर २५० वॅट, १.१२ वर आणला तर २२४. फरक २६ वॅटचा, म्हणजे घरातल्या दोन-तीन एलईडी दिव्यांएवढा. पण हा दिवा कुणी बंद करत नाही. वर्षाचे ८,७६० तास धरले तर एका ट्रान्सफॉर्मरमागे सुमारे २२८ युनिट होतात.

यात गंमत अशी की पत्ती जितकी उंची, तितकी ती आपल्या हातून जास्त बिघडते. सीआरजीओचं सगळं वैभव एका दिशेत आहे. नॉर्मन गॉसने १९३४ मध्ये पेटंट घेतलं ते याचंच: लोखंडाचे कण रोलिंगच्या दिशेने ओळीत लावायचे, म्हणजे त्या दिशेने चुंबकीय प्रवाह सहज जातो. आडवा गेला की लॉस कित्येक पट. हाय-बी या उंची सीआरजीओमध्ये ही ओळ आणखी काटेकोर असते, म्हणून सरळ लिंबात ती उत्तम वागते आणि कोपऱ्यात, मधल्या टी-जॉइंटमध्ये, जिथे प्रवाह वळतो आणि प्रत्येक सायकलला गोल फिरतो, तिथे जास्त रुसते. हाय-बीचा बिल्डिंग फॅक्टर साध्या पत्तीपेक्षा सहसा जास्त येतो. शिवाय लेझरने रेघा मारलेली पत्ती असेल तर तिला ताण काढायला भट्टीत घालता येत नाही, रेघांचा गुण तापवल्यावर जातो. महाग पत्ती आणून बोथट ब्लेडवर कापायची आणि लोखंडी हातोडीने ठोकायची, म्हणजे पैठणी नेसून शेणगोठा करायचा.

सांध्याचा हिशेब तर तुम्ही कागदाशिवाय कराल. लिंबात १.७ टेस्ला आहे असं धरू. जुन्या पद्धतीच्या सांध्यात एकाआड एक थर पुढेमागे असतो, म्हणजे फटीच्या जागी निम्म्या पत्त्या तुटलेल्या. उरलेल्या निम्म्यांनी सगळा प्रवाह उचलायचा तर त्यांच्यात ३.४ टेस्ला हवेत. सीआरजीओ २.०३ च्या आसपास तुडुंब भरते. मग उरलेला प्रवाह फटीतल्या हवेतून उडी मारतो, आणि त्या उडीची किंमत नो-लोड करंटमध्ये दिसते. बाकीचा शेजारच्या पत्तीत आडवा शिरतो, म्हणजे पत्तीच्या रुंद अंगावर काटकोनात. पत्ती कितीही पातळ असली तरी तिथे पातळपणाचा उपयोग नसतो, कारण एडी करंट (बदलत्या चुंबकीय प्रवाहामुळे पत्तीतच गोल फिरणारा करंट) तिच्या जाडीत नाही, रुंदीत फिरतो. आता सहा पायऱ्यांचा स्टेप-लॅप घ्या, म्हणजे प्रत्येक पत्तीचा सांधा आधीच्यापेक्षा जरा सरकवलेला. एका जागी सहातली एकच पत्ती तुटलेली. उरलेल्या पाचांना १.७ चे सहा-पंचमांश, म्हणजे २.०४. बरोबर काठावर. डिझाइन १.६ वर आणलं तर १.९२, निवांत. यामुळे लॉस काही टक्क्यांनीच उतरतो, पण नो-लोड करंट आणि घूं-घूं आवाज बघण्यासारखे उतरतात. आणि हे सगळं कागदावर. सांध्यात दोन मिलिमीटरची फट राहिली किंवा पायऱ्यांचा क्रम चुकला की स्टेप-लॅप नुसता नावाला उरतो.

चांगली पत्ती नको असं मी मुळीच म्हणत नाही. जुने ट्रान्सफॉर्मर मोडून निघालेल्या पत्त्या पुन्हा कापून ‘प्राइम’ म्हणून खपवतात, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलं असेल. त्या पत्तीला कितीही मायेने रचा, उपयोग नाही. (सीआरजीओ आपल्या देशात बनतच नाही असं अजून कुणी कुणी ठासून सांगतं. बरीचशी बाहेरून येते हे खरं, पण नाशिकचा थिसेनक्रुपचा कारखाना ती वर्षानुवर्षं बनवत होता. २०२५ च्या सुरुवातीला तो जेएसडब्ल्यू आणि जेएफईकडे गेला.)

तांब्याचं म्हणाल, तर मला वाटतं आपण दोघं आपापल्या दारातून बघतोय. तुमच्या दारात जळून येतं ते वाइंडिंग. कोर जळून आलेला क्वचितच, म्हणून कोर निर्दोष. पण आयर्न लॉस, म्हणजे कोरचा लॉस, जाळत नाही, तो गळतो. १९८९ च्या आयएस ११८० मध्ये (वितरणाच्या ट्रान्सफॉर्मरचं भारतीय मानक) १०० केव्हीएला नो-लोड लॉस २६० वॅट आणि पूर्ण भाराला कॉपर लॉस, म्हणजे वाइंडिंगमधला लॉस, १,७६० वॅट होता. आकडे बघितले की तांबंच चोर वाटतं. पण कॉपर लॉस भाराच्या वर्गाने उतरतो. तीस टक्के भाराला तो १५८ वॅट, आणि कोरचे २६० तिथेच. साधारण अडतीस टक्क्यांच्या खाली कोर जास्त खातो. गावठाणातला डीपी रात्री दोन वाजता कितीवर असतो?

आता तुमच्या बाजूचंही बोलते. शेतीचा डीपी हंगामात मोटरींनी शंभराच्या वर जातो, तिथे कॉपर लॉस कोरला कुठल्या कुठे मागे टाकतो. शिवाय शेतीच्या फीडरला वीज ठरावीक तासच. फीडर बंद असेल तेव्हा कोरचाही लॉस शून्य, माझे ८,७६० तास तिथे लागूच होत नाहीत. २०१४ च्या आयएस ११८० ने हे शहाणपणाने हाताळलं. पन्नास टक्के आणि शंभर टक्के भाराला एकूण लॉस किती, एवढंच बांधून दिलं, १०० केव्हीएच्या कार्यक्षमतेच्या पहिल्या पातळीला ५२० आणि १,८०० वॅट. लोखंडात वाचवा की तांब्यात, ते डिझाइनरने बघावं. अडचण एवढीच की डिझाइनर कोरचा लॉस काढताना बिल्डिंग फॅक्टर कागदावर मनासारखा धरतो आणि फटके असेंब्लीला बसतात.

ॲमॉर्फसबद्दल तुमचा टोमणा होता, पण प्रश्न चांगला आहे. ती पट्टी जेमतेम ०.०२५ मिलिमीटर जाडीची. नो-लोड लॉस सीआरजीओच्या एक-तृतीयांशाच्या आसपास येतो, त्याबद्दल वाद नाही. पण ती १.५६ टेस्लाला भरते, म्हणून कोर मोठा, त्याभोवती तांबंही जास्त. आणि भट्टीतून निघाल्यावर ती पापडासारखी होते. नवा ट्रान्सफॉर्मर बनवताना ते सांभाळता येतं. तुमच्या शेडमध्ये, वाइंडिंग जळालेला नग उघडून, सांधा मोकळा करून, पुन्हा बसवताना किती चुरा निघेल ते तुम्हीच सांगा. जिथे ट्रान्सफॉर्मर दोन-तीनदा रिपेअरला जाणार हे आधीच माहीत आहे, तिथे मी आजही स्टेप-लॅपचा सीआरजीओ सुचवीन.

आणि रिपेअरवरूनच एक विचारायचं राहिलं. तुमच्याकडे प्रत्येक नगाचं वरचं योक काढलं जातं आणि पुन्हा भरलं जातं. त्या पत्त्या आधीच एकदा वाकलेल्या, कडेला गंजलेल्या, लेप खरचटलेला. काढताना तुम्ही त्या क्रमाने बांधून ठेवता की ढीग करता? आणि भरताना दोन-दोन की तीन-तीन? रिपेअर होऊन आलेल्या नगांचा नो-लोड लॉस आमच्या बेंचवर वाढलेला दिसतो, पण तो नेमका कशाने वाढतो हे मला नीट वेगळं काढता आलेलं नाही. तीस वर्षांत तुम्ही हजारभर योक भरली असतील. लिहा.