गोचीड तापाच्या गोळ्या 28 दिवसांच्याच का: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा कुत्रा शेरू पोटभर जेवतोय, बेल वाजली की पुन्हा दाराशी धावतोय, हे तुमच्याच रिव्ह्यूत वाचलं आणि बरं वाटलं. एकच तारा का दिला तेही तुम्ही स्पष्ट लिहिलंय: पहिल्या दिवशी आम्ही नुसता ‘ताप’ म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी ‘गोचीड ताप’, किट टेस्ट निगेटिव्ह असून औषध सुरू केलं, दोन दिवसांत साडेनऊ हजार घेतले, रात्री फोन उचलला नाही. या सगळ्याचं उत्तर देते. पण तुमचं शेवटचं वाक्य, ‘आठवड्यात बरा झाला म्हणून उरलेल्या गोळ्या बंद केल्या’, ते आधी घेते.

ताई, त्या गोळ्या बंद करायच्या नव्हत्या. गोचीड ताप आणणारा एर्लिकिया हा जंतू रक्तातल्या पांढऱ्या पेशींत शिरून राहतो. डॉक्सिसायक्लिन, म्हणजे याच गोळ्या, सुरू झालं की बहुतेक कुत्र्यांचा ताप एक-दोन दिवसांत उतरतो, ती खायला लागतात, आणि घरच्यांना वाटतं सुटलो. औषध अर्धवट राहिलं तर जंतू प्लीहेत दबा धरून बसू शकतो, महिनोन्‌महिने, कधी काही वर्षंसुद्धा, आणि कुत्रा वरून ठणठणीत दिसतो. पुन्हा उचल खाल्ली की काही कुत्र्यांच्या हाडांतला मगज रक्त बनवणंच सोडून देतो. त्या टप्प्याला आलेलं जनावर वाचवणं फार अवघड असतं. 28 दिवस हा आमच्या क्लिनिकने काढलेला आकडा नाही, या आजाराचा सर्वमान्य कोर्सच तेवढा आहे. आणि तुमच्या बिलात सगळ्यात कमी पैसे याच गोळ्यांचे आहेत, एकदा बघा.

गोळीने उलट्या होतात असंही तुम्ही लिहिलंय. रिकाम्या पोटी दिली की होऊ शकतात. अर्धं जेवण आधी, मग गोळी, मग उरलेलं जेवण. कोरडी गोळी घशात अडकली तर अन्ननलिका भाजते. दूध-दह्यातून मात्र देऊ नका, कॅल्शियममुळे औषध नीट लागू पडत नाही.

आता टेस्टचं. ती किट जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी शोधते, आणि त्या तयार व्हायला वेळ जातो. आजाराच्या पहिल्या दिवसांत निगेटिव्ह येणं अगदी शक्य असतं. शेरूच्या प्लेटलेट होत्या 42 हजार. निरोगी कुत्र्याच्या साधारण दोन लाखांच्या वर असतात. शिवाय नाकातून रक्त आलेलं. डेंगीत माणसांच्या प्लेटलेट उतरतात तेव्हा घरात जी धावपळ होते, तीच ही वेळ. पीसीआर, म्हणजे थेट जंतूच शोधणारी टेस्ट, करून पक्कं कळलं असतं, पण नमुना बाहेर जातो, रिपोर्टला दिवस लागतात. तोवर औषध थांबवणं मला पटत नाही, उद्या असाच दुसरा कुत्रा आला तरी पटणार नाही.

‘उगाच लावलेली’ स्मिअर टेस्टसुद्धा याचसाठी. प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्या तर मशीन आकडा कमी दाखवतं, म्हणून काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली खात्री केली. त्यातच बॅबेसिया हा रक्तातला दुसरा जंतू दिसतो का तेही पाहिलं. तोही गोचिडीमुळेच होतो, पण त्याचं औषध वेगळं.

पहिल्या संध्याकाळी हातात फक्त 104 ताप होता. रक्त तेव्हाच घेतलं, रिपोर्ट सकाळी आला. त्याआधी आजाराचं नाव सांगितलं असतं तर तो अंदाज झाला असता. ‘अंगावर एकही गोचीड नव्हती’ हे तुमचं म्हणणं खरंच आहे, मीही तपासलं होतं. पण चावल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी ताप येतो, तोवर रक्त पिऊन गोचीड कधीच गळून गेलेली असते. जाते कुठे? भिंतीच्या फटीत, सोफ्याखाली, बाल्कनीच्या कोपऱ्यात. एक मादी हजारो अंडी घालते. तेव्हा घरात फवारणी करून घ्या. नुसत्या कुत्र्याच्या अंगावरच्या औषधाने हे आटोपत नाही.

खर्चाचा अंदाज सलाइन लावण्याआधी लेखी दिला होता, त्यावर तुमच्या घरच्यांची सही आहे. रात्री नऊनंतर आम्ही बंद असतो. रात्रीच्या इमर्जन्सीचा नंबर डिस्चार्ज पेपरवर वरच छापलेला आहे.

आमच्याकडे यायचं नसेल तर आग्रह नाही. परळचं बैलघोडा हॉस्पिटल धर्मादाय आहे, तिथे दाखवा, किंवा जवळच्या दुसऱ्या कुणाला. सगळे रिपोर्ट तुमच्या व्हॉट्सॲपवर आहेत, तेच पुढे पाठवा. फक्त या आठवड्यात प्लेटलेट पुन्हा मोजून घ्या आणि गोळ्यांत खंड पडल्याचं त्या डॉक्टरांना सांगा, कोर्स पुढे कसा चालवायचा ते ठरवतील. आमच्याकडे आणलंत तर उरलेली स्ट्रिप बरोबर आणा, किती गोळ्या गेल्या ते पाहता येईल.