वॅट नाही, ‘पार’ बघा

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ पाळण्यावरच्या लेखात दिव्यासाठी ‘लिटरमागे एक वॅट’ असा हिशोब दिलाय, तो ट्यूबलाइटच्या काळातला. एलईडीला लागू पडत नाही. प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या शैवालाला मुख्यतः ४२० ते ४८० नॅनोमीटरचा निळा प्रकाश लागतो. प्रकाश खाली किती पोचतो हे ‘पार’ म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश मोजणाऱ्या मीटरवर कळतं. मशरूम, झोअँथिड या प्रवाळांना ५० ते १०० ‘पार’ पुरतो. कोथरूडच्या घरी माझ्या ४० लिटरच्या टाकीवर मी नवा दिवा पहिल्याच दिवशी पूर्ण जोरात लावला आणि आठवड्यात मशरूम पांढरे पडले. फार वाईट वाटलं. नवख्यांना कळकळीची विनंती, ३० टक्क्यांपासून सुरुवात करून महिनाभर हळूहळू वाढवा. एप्रिलमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा पाण्यावर छोटा पंखा लावाच. उडालेल्या पाण्याच्या जागी मात्र आरओचं गोडं पाणी घाला, खारं नको.