मांजराला नजर लागत नाही, लघवी अडते

‘मांजर देते घरावरील संकटाची पूर्वसूचना’ असा एक फॉरवर्ड सध्या नातेवाइकांच्या ग्रुपांवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: मांजर अचानक वेगळं वागायला लागलं तर डॉक्टरकडे पळू नका, ते घरातली नकारात्मक ऊर्जा स्वतःवर ओढून घेतंय. भिंतीकडे टक लावणं, रात्री रडणं, लपून बसणं, खाणं सोडणं, घरभर लघवी करणं ही त्याची लक्षणं. उपाय म्हणून खडेमिठाचा उतारा, अमावस्या होईपर्यंत वाट बघायची आणि फारच कण्हत असेल तर तापाची अर्धी गोळी. ‘अमेरिकन डॉक्टरांनी सिद्ध केलंय’ हे शेवटी आहेच.

माझ्या मावशीने हे वाचून तिच्या बोक्यावरून मीठ उतरवलं आणि थांबून राहिली. बोका सारखा त्याच्या लघवी-शीच्या वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसत होता, मग मोरीत, मग पायपुसण्यावर. तिने फोनवर सहज बोलता बोलता हे सांगितलं म्हणून कळलं. त्याची लघवी अडली होती. दवाखान्यात भूल देऊन नळी घालावी लागली. बोका वाचला. पण मावशीसारख्या किती जणी अमावस्येची वाट बघत बसल्या असतील, या विचाराने माझा संताप होतो. म्हणून आधी याच मुद्द्याबद्दल.

मांजर ट्रे सोडून इतरत्र लघवी करतं याचा ऊर्जेशी संबंध नाही. ते राग किंवा सूडही नव्हे. शहाणी माणसंही तो सूडच मानतात, म्हणून मुद्दाम सांगते. मांजरांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांच्या अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय अशा दोन संघटनांनी २०१४ साली खास याच प्रश्नावर मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत स्वच्छ लिहिलंय की मांजर हे मालकावरच्या रागाने करत नाही. त्याची शारीरिक, सामाजिक किंवा वैद्यकीय गरज भागत नसते म्हणून करतं. म्हणजे मूत्राशयाचा दाह, खडे, मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, दुखऱ्या सांध्यांमुळे ट्रेच्या काठावरून पाय न उचलणं, ट्रे घाण असणं किंवा घरात दुसरं मांजर येणं. घरात रंगकाम काढलं, पाहुणे राहायला आले, दिवाळीचे फटाके सुरू झाले, एवढ्याने सुद्धा काही मांजरांचं मूत्राशय सुजतं. हा ताण खराच असतो आणि त्याने लघवीतून रक्तही जातं.

बोक्याचं प्रकरण याहून गंभीर. त्याची मूत्रनलिका फार अरुंद. खड्यांची कच किंवा चिकट बुच अडकलं की मार्ग बंद. मग तो पुन्हा पुन्हा बसतो, थेंबभर होते किंवा काहीच होत नाही, ओरडतो, खालची जागा चाटत राहतो. घरच्यांना वाटतं शौचाला होत नाहीये, म्हणून तूप नाहीतर एरंडेल पाजतात. इकडे रक्तात पोटॅशियम साठत जातं आणि शेवटी हृदय बंद पडतं. पूर्ण अडलेला बोका एक-दोन दिवसांत मरू शकतो. फॉरवर्ड मात्र त्याला अमावस्येपर्यंत थांबायला सांगतो.

आणि ती अर्धी गोळी. पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे. हे औषध निकामी करणारं एक महत्त्वाचं एन्झाइम माणसाच्या यकृतात असतं. मांजरात ते तयार करणारं जनुकच मोडलेलं आहे, हे २००० साली संशोधनात दाखवलं गेलं. पाचशे मिलिग्रॅमची अर्धी गोळी चार किलोच्या मांजराला दिली तर किलोमागे ६० मिलिग्रॅमच्या वर जातात. किलोमागे १० मिलिग्रॅमनेही विषबाधा झालेली आहे. रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. चुकून दिली गेली असेल तर लक्षणांची वाट बघू नका. यावर उतारा म्हणून औषध आहे, पण ते लवकर द्यावं लागतं. आयबुप्रोफेनही देऊ नका. माणसाच्या डब्यातली कुठलीच गोळी मनाने देऊ नका.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. रात्रीचं रडणं: ऑपरेशन न झालेली मांजरी माजावर आली की अशीच गळा काढते, त्यात कुणाचं मरण नसतं. पण आठ-दहा वर्षांपुढचं मांजर नव्याने रात्री ओरडायला लागलं, भरपूर खाऊनही वाळत चाललं, तर थायरॉइड तपासा. म्हातारपणचा बहिरेपणा, रक्तदाब, विसरभोळेपणा यांनीही ते ओरडतं.

भिंतीकडे बघणं: आपल्याला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मांजराला ६० च्याही वर. भिंतीमागच्या उंदराची चीची आपल्यापर्यंत पोचत नाही, त्याला पोचते. मात्र बाहुल्या मोठ्या झाल्यात आणि ते वस्तूंवर आपटतंय, तर रक्तदाबाने अचानक दृष्टी गेलेली असू शकते. भिंतीला डोकं दाबून उभं राहत असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

खाणं सोडणं: मांजर कुणाचं दुखणं अंगावर घेत नाही. उलट लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्याच यकृतात चरबी साठून ते निकामी होऊ लागतं. आणि लपणं म्हणजे बहुतेक वेळा वेदना. माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ साली मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पट्टी प्रसिद्ध केली. कान बाहेर वळून सपाट होणं, डोळे मिचकावलेले, नाकाभोवतालचा भाग ताठर, मिशा सरळ पुढे, डोकं खांद्यांच्या पातळीखाली. हे घरीही बघता येतं.

आता ‘अमेरिकन डॉक्टर’. हे तेवढं अगदीच बनावट नाही, मान्य करावं लागतं. ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात, स्टीअर हाउस या शुश्रूषागृहात ऑस्कर नावाचा बोका मरणासन्न रुग्णांशेजारी जाऊन बसायचा. डॉ. डेव्हिड डोसा यांनी २००७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्याच्याबद्दल लिहिलं. पण तो एक ललित अंगाचा लेख होता, प्रयोग नव्हे. ऑस्करला शरीरातल्या बदलांचा वास येत असेलही, मांजराचं नाक आपल्याहून कितीतरी तीक्ष्ण असतं. पण त्यात नकारात्मक ऊर्जा कुठेच नाही, आणि तुमचं मांजर आजारी असताना उपचार करू नका असं तर डोसा कुठेच म्हणत नाहीत.

तुमचा बोका ट्रेमध्ये वारंवार बसत असेल तर ट्रेमधली वाळू ओली झालीय का ते बघा. नसेल तर पोट दाबून बघू नका. दवाखान्यात फोन लावून पहिलंच वाक्य हे सांगा: ‘बोका आहे, बसतोय, पण लघवी होत नाहीये.’ रात्र असली तरी.