सरांची रजा आणि फळ्यावरचा अर्धा भागाकार

डिसेंबरात आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेतले सर नऊ दिवस फिरायला गेले. सहा सीएल (किरकोळ रजा), नाताळची सुट्टी आणि दोन रविवार. रजेचा अर्ज रीतसर दिलेला, मंजूरही झालेला. त्यावरून गावात पारावर, कापसाच्या काट्यावर बरंच बोलणं झालं. काही लोक नको तेही बोलले. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे आणि माझी लेक चौथीत आहे, म्हणून जे दिसलं आणि जे वाटलं ते लिहितो.

आमची शाळा पहिली ते चौथी. पट ३१, शिक्षक दोन. मॅडमकडे पहिली-दुसरी, सरांकडे तिसरी-चौथी. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० पटापर्यंत दोनच शिक्षक, म्हणजे कागदावर आमच्याकडे काहीच कमी नाही. पण दोनातला एक गेला की उरलेल्या एकाकडे चार वर्ग, पोषण आहाराची खिचडी, ऑनलाईन माहिती, सगळंच येतं. त्या नऊ दिवसांत मॅडमनं चारही वर्ग एकाच खोलीत बसवले. दुसरं करणार तरी काय त्या?

२६ तारखेला मी शाळेत गेलो होतो. तिसरी-चौथीची खोली उघडीच होती, आत कोणी नव्हतं. फळ्याच्या कोपऱ्यात सरांच्या सुंदर अक्षरात लिहिलेलं : शनिवार, २० डिसेंबर, पट १५, हजर १३. खाली ८५ भागिले ५. पाच एके पाच, वजा करून तीन उरलेले, आणि वरचे पाच खाली उतरवायचे राहिलेले. शनिवारची सकाळची शाळा सुटली तेव्हा जिथं थांबलं, तिथंच ते सहा दिवस थांबून होतं. घरी येऊन लेकीची वही पाहिली. तिथंही तोच अर्धा भागाकार. त्यापुढं कोरं.

त्याच रात्री ती माझ्या मोबाईलवर सरांचं स्टेटस पाहून हरखली. "बाबा, सर उंटावर बसले!" तिला तिच्या सरांचा आनंद झाला होता. मले मात्र बोलायले शब्द सुचला नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. रजा हा शिक्षकाचा हक्क आहे. प्राथमिक शिक्षकाला वर्षाला १२ किरकोळ रजा आहेत. शाळेला उन्हाळा-दिवाळीच्या मोठ्या सुट्ट्या असतात म्हणून इतर कर्मचाऱ्यांसारखी अर्जित रजा त्याला मिळत नाही, हे लोकांना माहीतच नसतं. घरी म्हातारे आईवडील आहेत, लेकरं आजारी पडतात, मयत होते, लग्न असते. त्यासाठी रजा घेतली तर कोणी जाब विचारू नये. दोन वर्षांपूर्वी आधीच्या मॅडम बाळंतपणाच्या १८० दिवसांच्या रजेवर होत्या. तेव्हा गावातले काही जण कुरकुरले, त्यांना मी सभेत सुनावलं होतं. बाईनं लेकरू जन्माला घालायचं तेही शाळेचं वेळापत्रक पाहून का?

पण फिरायला जाणं वेगळं, असं माझं ठाम मत आहे. पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरली पाहिजे असं कायदा म्हणतो. उरलेल्या दिवसांत मे महिना आहे, दिवाळी आहे, आणि आमच्या विदर्भात उन्हामुळं शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यातच उघडते. एवढे दिवस हातात असताना भर डिसेंबरात शाळा सोडून जाऊ नये.

सर आल्यावर मी हेच त्यांना तोंडावर विचारलं. मागून बोलणं मले जमत नाही. "सर, उन्हाळ्यात काहून नाही गेले?" ते रागावले नाहीत. म्हणाले, "भाऊ, मे महिन्यात जैसलमेरला लेकरं घेऊन कसा जाऊ? बायको बँकेत आहे, तिला रजा डिसेंबरातच मिळाली. २०२४ मध्ये लोकसभा झाली, विधानसभा झाली, दोन्हीत आमची ड्यूटी. आणि डिसेंबर संपला की उरलेल्या सीएल बुडतात." यातलं एकही खोटं नाही. सीएल पुढच्या वर्षात जात नाही, म्हणून वर्ष संपता संपता रजा संपवायची घाई होते. एकट्या आमच्या सरांची गोष्ट नाही ही.

फक्त डिसेंबर हा आमच्याकडं शाळेसाठी सगळ्यात नाजूक महिना आहे, हे सरांच्या हिशेबात आलं नाही. यवतमाळ जिल्ह्यात तेव्हा कापसाची वेचणी जोरात असते. किलोवर पैसे मिळतात, त्यामुळं घरातला प्रत्येक हात वावरात लागतो. आमच्या शाळेत कोलाम पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, चार पोरं येतात, दोन किलोमीटर पायी. घरी कोलामी बोलतात, शाळेत मराठी शिकतात. त्यांना शाळेत टिकवायला याच सरांनी दोन वर्षं जीव ओतला, पोडावर घरोघरी गेले. हे मी डोळ्यानं पाहिलं आहे. ते गेले आणि तिसऱ्याच दिवशी ती पोरं यायची बंद झाली. एकाच्या मायला विचारलं तर म्हणाली, "सर नाही त पोरगं तिथी बसून का करन? खिचडी खाऊनच वापस येते. म्या नेलं मंग वावरात." सर ३० तारखेला हजर झाले. त्या चारातली तीन पोरं संक्रांतीनंतर आली आणि एक अजून आलंच नाही.

म्हणून मी सहा सीएल मोजत नाही. तालुक्याच्या गावातल्या पोराचे सहा दिवस बुडाले तर ट्यूशन आहे, शिकलेले मायबाप आहेत. पोडावरच्या पोराचे सहा दिवस बुडाले तर ते शाळेच्या सवयीतूनच सुटते.

आणि याचा दोष एकट्या सरांच्या डोक्यावर टाकणं मला मान्य नाही. रेल्वेत फाटकावरचा गेटमन रजेवर गेला तर त्याच्या जागी बदली माणूस येतो. एसटीचा ड्रायव्हर आला नाही तर डेपोत दुसऱ्याला ड्यूटी लागते. शिक्षक रजेवर गेला की त्याच्या जागी कोणीच येत नाही, वर्ग शेजारच्या वर्गात ढकलला जातो, बस. बाळंतपणाच्या १८० दिवसांतही आम्ही हेच भोगलं. प्रत्येक केंद्राला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला, एक जास्तीचा शिक्षक द्या, त्याचं काम हेच की ज्या शाळेत रजा असेल तिथं जायचं. आमच्याच गावात डी.एड. झालेले दोन जण आहेत. एक कापसाच्या गाडीवर हमाली करतो, दुसऱ्यानं मोबाईल रिचार्जचं दुकान टाकलं. माणसं नाहीत असं कोणी म्हणू नये.

शिक्षक मित्रांनो, तुमच्यापैकी बरेच जण ही पोस्ट वाचाल. राग आला तरी वाचा. सहलीचे दिवस सुट्टीतच बसवा, फार अडलं तर दिवाळीला जोडून दोन दिवस घ्या. रजेवर जायच्या आधी समितीला आठ दिवस अगोदर सांगा, म्हणजे आम्ही पालक पोडावर जाऊन पोरं आणू शकतो. आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं, मला फळा पाहून कळलं.

समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, म्हणजे आम्हीही हातावर हात ठेवून बसलो होतो. येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर सभा आहे. केंद्रासाठी रजेच्या शिक्षकाची मागणी करणारा ठराव मी लिहून ठेवला आहे, गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यायचा आहे. सरांना फोन करून वाचून दाखवला. ते थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "भाऊ, पहिली सही माझी घ्या. आणि उद्या सकाळी पोडावर जाऊ, त्या एका पोराच्या घरी."

सकाळी सात वाजता निघतो आहोत.