सीताबर्डीच्या किल्ल्यात गांधीजी कैदेत नव्हते

२६ जानेवारी, १ मे किंवा १५ ऑगस्ट जवळ आला की नागपूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर तोच मजकूर फिरतो: सीताबर्डीचा किल्ला लोकांसाठी उघडणार, जरूर बघा, महात्मा गांधी १० एप्रिल ते १५ मे १९२३ इथे कैदेत होते. सोबत कोठडीचा फोटो. किल्ला बघाच. कैदेची गोष्ट मात्र खोटी आहे.

आधी तारखा. गांधीजींना १० मार्च १९२२ ला साबरमतीला अटक झाली. १८ मार्चला अहमदाबादेत न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी सहा वर्षांची शिक्षा सुनावली आणि लगेच त्यांना पुण्याला, येरवड्यात हलवलं. तिथून ते बाहेर आले ते थेट जानेवारी १९२४ मध्ये, अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी ससूनला. १२ जानेवारीला ऑपरेशन, ५ फेब्रुवारीला सुटका. मधलं १९२३ साल अख्खं येरवड्यात गेलं. सुटल्यावर 'यंग इंडिया'त त्यांनी तुरुंगातले अनुभव क्रमशः लिहिले. त्यात साबरमती आहे, येरवडा आहे, नागपूर नाही. पाच आठवडे एखाद्या किल्ल्यात काढले असते तर गांधीजींसारख्या माणसाने ते गाळलं नसतं.

'साल चुकलं असेल,' असंही कुणी म्हणतं. डिसेंबर १९२० मध्ये ते नागपुरात होते खरे, पण काँग्रेसच्या अधिवेशनासाठी, मोकळे. १९३० आणि १९३२ ला पुन्हा येरवडा, १९४२ ला आगाखान पॅलेस. म्हणजे पुणेच.

कोठडी दाखवतात, हा पुरावा नव्हे. खोली जुनी आहे एवढंच त्यावरून कळतं.

सगळ्यात जास्त ऐकू येतं ते हे: 'इंग्रजांनी गुपचूप आणलं, पेपरांना कळू दिलं नाही.' याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या वेळचं नागपूर आपण किती विसरलो ते यातून दिसतं. एप्रिल १९२३ मध्ये तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे निघालेली मिरवणूक इथे पोलिसांनी अडवली. १ मेपासून जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली झेंडा सत्याग्रह सुरू झाला. रोज स्वयंसेवकांची तुकडी झेंडा घेऊन निघायची, पकडली जायची, दुसऱ्या दिवशी नवी तुकडी. जमनालालजींना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेल सूत्रं हाती घ्यायला आले. १८ ऑगस्टला मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली तेव्हा कुठे लढा थांबला. देशभरातून माणसं इथे तुरुंगात जायला येत होती. अशा वेळी सरकार गांधीजींना मुंबई इलाख्यातून उचलून याच शहरात, भर वस्तीतल्या टेकडीवर आणून ठेवील? लपवायचं असतं तर त्या उन्हाळ्यात नागपूरइतकी वाईट जागा दुसरी नव्हती.

आणि पेपर गप्प बसले असते? १९१० चा जाचक प्रेस अ‍ॅक्ट १९२२ मध्येच रद्द झाला होता. नागपुरात १९११ पासूनचा 'हितवाद' होता, गोपाळराव ओगले यांचा 'महाराष्ट्र' होता. पुण्यात 'केसरी' होता, आणि येरवडा त्याच्या अगदी दाराशी. गांधीजींना तिथून हलवलं असतं तर ती देशातली सगळ्यात मोठी बातमी झाली असती. हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांनी एप्रिल-मे १९२३ च्या कुठल्याही अंकातली तशी एक ओळ दाखवावी.