साडेबारा लिटरचे उमेदवार

एक फूट लांब, आठ इंच रुंद, आठ इंच उंच. सोसायटीच्या गणेशोत्सवातल्या सोडतीत आमच्या कन्येला ही काचेची पेटी लागली. दुसरं बक्षीस. पहिलं बक्षीस मिक्सर होता आणि तो ज्यांना लागला, त्यांच्या घरात आज शांतता आहे.

हिशेब केला तर या पेटीत साडेबारा लिटर पाणी मावतं. तळाची वाळू, एक दगड आणि वरची दोन बोटं मोकळी जागा वजा जाता उरतं दहा. मासे पाळणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे, गॅलनमागे एक इंच मासा. गॅलन म्हणजे साधारण पावणेचार लिटर. म्हणजे आमच्या वाट्याला आला अडीच इंच मासा. कन्येला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, अर्धा इंच कुठून आणायचा?" ठोकताळा तसा कच्चाच आहे, पण घरात वाद घालताना आकडा हाताशी असलेला बरा.

पेटी लहान म्हणजे काम सोपं, असं सगळ्यांना वाटतं. आहे उलट. मोठ्या टाकीत चार दाणे जास्त पडले, कुजले, तर त्यांचा विषारी अमोनिया भरपूर पाण्यात पांगतो. दहा लिटरमध्ये तो पांगायला जातो कुठे? त्यामुळे एवढ्याशा पाण्यात कोण राहणार हे आधी ठरवावं लागतं. आमच्याकडे ते पाच जण ठरवत होते. मी, बायको, कन्या, आई आणि ज्यांना कोणी विचारलं नव्हतं ते शेजारचे काका.

आईची यादी वास्तूवाल्यांकडून आली होती. नऊ गोल्डफिश. आठ सोनेरी, एक काळा, पेटी ईशान्येला. ईशान्येला आमचा फ्रिज आहे, पण ती अडचण तिच्या मते किरकोळ होती. मी सांगितलं की गोल्डफिशला पोटच नसतं, म्हणजे जठर नसतं. तोंडातून गेलेलं सरळ आतड्यात जातं, म्हणून तो सारखा खातो आणि सारखा पाणी घाण करतो. शिवाय नीट ठेवला तर वीतभर वाढतो. इंग्लंडमध्ये 1956 साली जत्रेत जिंकलेला एक गोल्डफिश 1999 पर्यंत जगला. त्रेचाळीस वर्षं! कन्या आज नऊ वर्षांची आहे. त्या हिशेबाने मासा तिच्या बावन्नाव्या वाढदिवसाला हजर असेल, आणि तोवर त्याचं पाणी कोण बदलत असेल हेही मला ठाऊक आहे. आई म्हणाली, "एवढा टिकतो म्हणजे शुभच की."

काकांनी कासव सुचवलं. बाजारात अंगठ्याएवढी, कानाशी लाल पट्टा असलेली जी पिल्लं मिळतात ती पुढे जेवणाच्या ताटाएवढी होतात, आणि आपलं चांदणी कासव पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. काका म्हणाले, "मग दोन आणा, एकमेकांना सोबत." काकांचा विषय इथेच संपवतो.

मग दुकान. मुंबईत मासे बघायला माणूस कुर्ल्याला नाही तर क्रॉफर्ड मार्केटला जातो. तिथल्या दुकानदारांकडे 'नाही' हा शब्दच नसतो. "साहेब, एक फुटाची ना? मग आठ-दहा मासे आरामात." आणि वर एक सकर फुकट. "काच साफ ठेवतो." हा काळपट, तोंडाने काचेला चिकटणारा मासा दुकानात बोटभर असतो, वाढला की फुटाच्या वर जातो. आमची पेटी फुटाची. म्हणजे तो तिरका न करता जेमतेम बसलाही असता, पण त्याने वळायचं कुठे? असे वाढलेले सकर लोक मग 'पुण्य' म्हणून नदीत सोडतात. उजनीच्या जलाशयात ते इतके माजलेत की मच्छीमारांच्या जाळ्यात खायच्या माशांऐवजी हेच येतात, आणि काट्यांनी जाळी फाडतात ती वेगळीच. असलं पुण्य आपल्याला नको. दुकानदार म्हणाला, "फुकट देतोय ना, साहेब." त्यालाही बहुधा तो खपवायचाच असावा.

खरा तगडा उमेदवार होता फायटर. दुकानाच्या एका फळीवर प्लॅस्टिकच्या पेल्यांची रांग, प्रत्येक पेल्यात एक नर आणि दोन पेल्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा. दुकानदाराने दोन बोटांनी पुठ्ठा वर उचलला. निळ्याने लालला पाहिलं, लालने निळ्याला, आणि दोघांनीही गालफडं छत्रीसारखी उघडून शेपटं फुलवली. पुठ्ठा खाली. दोघेही क्षणात सभ्य. कन्येने हा प्रयोग पुन्हा करायला लावला. मी मध्ये पडलो नसतो तर दुकानदाराने संध्याकाळपर्यंत केला असता.

फायटर हा थायलंडचा राष्ट्रीय जलचर आहे, 2019 पासून. त्याच्या डोक्यात एक खास अवयव असतो, त्याच्या जोरावर तो पाण्यावर येऊन थेट हवेतून श्वास घेतो. दुकानदार याचाच दाखला देतात, "पेल्यात पण जगतो साहेब, त्याला जागाच लागत नाय." श्वास तर आम्हीही डोंबिवली फास्टमध्ये रोज घेतो. म्हणून तिथे कोणी संसार थाटत नाही. पण दहा लिटर, वर झाकण (हा उड्या मारतो) आणि आपल्याकडची उबदार हवा, म्हणजे हीटरचाही खर्च नाही, असं सगळं जमत होतं. अडलं कन्येपाशी. "तो एकटाच राहणार?" हो. "कायम?" हो. "त्याची बायको?" ती अंडी घालून झाली की तिलाही हाकलतो, मग पिल्लांना एकटाच सांभाळतो. यावर बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "निदान पिल्लं तरी सांभाळतो." फायटरचं नाव मी स्वतःहून मागे घेतलं.

पुढचा नंबर गप्पीचा. "अरे, गप्पी तर महापालिकावाले फुकट देतात," आई म्हणाली. खरंच आहे. पावसाळ्यात मलेरिया विभागाचे लोक विहिरीत, साचलेल्या पाण्यात गप्पी सोडतात, डासांच्या अळ्या खायला. पण गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, दर महिन्याला, वीसेक सहज. नुसत्या माद्या आणाव्यात म्हटलं तर एकदा नराशी गाठ पडलेली मादी त्या भेटीच्या शिदोरीवर पुढचे कित्येक महिने पिल्लं देत राहते. दुकानातल्या एकाच टाकीत सगळे एकत्र असताना कुठली मादी कुमारिका आहे, हे कुणाला विचारायचं? दुकानदाराला विचारायला मला तरी संकोच वाटला.

मला स्वतःला भुरळ पडली होती ती बुटक्या पफरची. केरळच्या नद्यांतला, वाटाण्याएवढा, हिरवट-पिवळा, अंगावर काळे ठिपके. दोन्ही डोळे वेगवेगळे फिरवून तो तुमच्याकडे असा पाहतो, की केवायसी अपूर्ण असल्यासारखं वाटतं. फक्त त्याला दाणे चालत नाहीत. जिवंत लागतं आणि सगळ्यात आवडतात गोगलगायी. म्हणजे गोगलगायींसाठी दुसरी पेटी. "माशाला खाऊ घालायला गोगलगायी पाळायच्या," बायको सावकाश म्हणाली, "आणि गोगलगायींना काय घालायचं?" उकडलेला दुधी, मी म्हणालो. घरात उकडलेल्या दुधीबद्दल माझी जी मतं आहेत, ती लक्षात घेता हे बोलायला नको होतं.

अशी सगळ्यांची नावं कटत कटत उरली ती चेरी श्रिंप, म्हणजे शोभेची कोळंबी. इंचाच्या आतबाहेरची, लाल, दिवसभर शेवाळ खरवडत बसणारी. सोबत एक नेराइट गोगलगाय, कारण तिची अंडी गोड्या पाण्यात फुटत नाहीत. तिळासारखे पांढरे ठिपके काचेवर राहतात तेवढेच. दोघांचा मिळून भार अडीच इंच माशापेक्षाही कमी. निकाल एकमताने लागला नाही, पण विरोधक थकले होते.

लगेच आणता मात्र येत नाहीत. आधी पाण्यात जिवाणू वाढावे लागतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट. याला चार-सहा आठवडे लागतात. तोवर रिकाम्या पाण्यात चिमूटभर दाणे टाकायचे, परीक्षानळीत थेंब घालून रंग बघायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचं की जिवाणू पाळलेत. आई रोज संध्याकाळी देवाजवळ दिवा लावायची आणि मी पाण्याला. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

श्रिंप आल्यावर नवी कामं निघाली. त्या खोलीत डासांचं औषध फवारायचं नाही. नळाचं पाणी क्लोरीन मारणारे थेंब घातल्याशिवाय ओतायचं नाही. आणि आईच्या तांब्याच्या हंड्यातलं पाणी तर मुळीच नाही, कारण श्रिंपला तांबं म्हणजे विष. "आम्ही साठ वर्षं पितोय," आई म्हणाली. त्यावर माझ्याकडे शास्त्रीय उत्तर होतं, पण ते तिच्याशी बोलताना वापरण्यासारखं नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात तिने हाक मारली, "अरे, एक गेली बघ." पाहतो तर वाळूवर पारदर्शक कोळंबी, मिशा, पाय, डोळ्यांच्या खोबण्यांसकट आणि आत कोणीच नाही. कात टाकली होती. मूळ मालकीण दगडामागे नव्या कपड्यात बसली होती.

गेल्या रविवारी अलिबागची आत्या आली. ती चष्मा वर करून बराच वेळ काचेत बघत राहिली.

"अरे, हा तर जवळा."

"नाही गं आत्या, चेरी श्रिंप. शोभेची."

"किलोला काय पडते?"

मी मनातल्या मनात हिशेब केला. एक पाव ग्रॅमची धरली तर किलोत चार हजार. नग तीस रुपयाला. "एक लाख वीस हजार," मी म्हणालो.

आत्याने चष्मा खाली घेतला. "सोललेली?"