मोरचूद द्राक्षाला ठीक, प्रवाळाला नाही

"खाऱ्या पाण्याच्या टँकला शेवाळ आलंय? दोनशे लिटरला एक ग्रॅम मोरचूद टाका. तीन दिवस लाइट बंद. फॉस्फेट शून्य असेल तर पाण्यात दोष नाही. नंतर गोगलगायी सोडा." हा मेसेज सांगलीतल्या मासे पाळणाऱ्यांत फिरतोय. मला एकट्याला चौघांनी पाठवला.

मोरचुदाचं, म्हणजे कॉपर सल्फेटचं, आधी. तासगाव-पलूसकडे द्राक्षावर फवारायच्या बोर्डो या बुरशीनाशकासाठी ते घरात असतंच, शेततळ्यातल्या शेवाळावरही टाकतात. पण शेततळ्यात प्रवाळ नसतात. मोरचुदात वजनाचा चौथा हिस्सा तांबं, म्हणजे या हिशेबाने लिटरला सव्वा मिलिग्रॅम. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांबं देतात तेसुद्धा वेगळ्या टँकमध्ये, लिटरला 0.2 मिलिग्रॅमच्या आसपास. तेवढ्यातही कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ तग धरत नाहीत. इथे सहापट!

माझ्या एका बागायतदार मित्राने टाकलं. सकाळी गेलो तर काचेवरच्या गोगलगायी वाळूत उताण्या, कोळंबी आडवी, प्रवाळ मुठी आवळल्यासारखे मिटलेले. शेवाळ मात्र हिरवंगार. ते मेलं आठवड्याने, आणि कुजून टँकमध्येच विरघळलं. पाणी बदलूनही भागलं नाही, कारण तांबं दगडात-वाळूत धरून बसतं आणि सावकाश सुटत राहतं. त्याचे पंधरा किलो लाइव्ह रॉक, म्हणजे पाणी साफ ठेवणारे जिवाणू वसलेले समुद्री दगड, आता परसात पेरूखाली पडलेत.

फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खत, शून्य? शेवाळ माजलंय तिथे शून्य येऊ शकतंच, पाण्यात आलेलं तेच गट्ट करतं. पाणी तपासायचं किट उरलेलं मोजतं, येणारं नाही. येतं ते फ्रोझन खाद्याच्या रसातून, वाळूतल्या गाळातून, नळाच्या नाहीतर बोअरच्या पाण्यातून. क्षारपड पट्ट्यातलं बोअर "खारटच आहे की" म्हणून वापरणारे महाभागही पाहिलेत. समुद्रात लिटरला साधारण 35 ग्रॅम क्षार, आणि त्यांचं आपसातलं प्रमाणही वेगळं. आरओ-डीआयचं, म्हणजे गाळून क्षार काढून टाकलेलं, पाणी आणि त्यात मत्स्यटँकसाठीचं समुद्री मीठ, दुसरा रस्ता नाही.

लाइट बंद ठेवून लाल बुळबुळीत थराला गुण येतो, तोही तात्पुरता. तो थर मुळात शेवाळच नव्हे, सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू. केसाळ हिरवं तीन दिवसांनी मरत नाही.

मी दगड टँकच्याच पाण्याच्या बादलीत काढून टूथब्रशने घासतो, आठवड्याला दहा टक्के पाणी बदलतो, खाद्य चहाच्या गाळणीत वितळवून रस मोरीत सोडतो. लिटरला नायट्रेट (हेही शेवाळाचं खतच) 5 ते 10 मिलिग्रॅम, फॉस्फेट 0.05 च्या आसपास ठेवतो. दोन्ही शून्यावर नेलं की डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जिवांचा तपकिरी शेंबूड येण्याची भीती, आणि तो शेवाळापेक्षा चिवट. शेवाळ आटोक्यात यायला दोन महिने लागतात, घाई करून उपयोग नाही.

मेसेजमधलं गोगलगायींचं तेवढं बरोबर आहे, माझ्याकडेही सहा आहेत. फक्त त्याच्या तीन ओळी आधी मोरचूद टाकायला सांगितलंय.